पिवळ्या दोऱ्याचा लोटा

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बंद पडलेल्या जिनिंगचं ते शेड. एकेकाळी तिथं कापसाचे ढीग लागायचे म्हणे, त्या रविवारी माणसांचे लागले होते. डोणगावहून, मेहकरहून, थेट चिखलीहून जीपा भरभरून लोक आले होते आणि सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या तांब्याच्या हंड्यावर खिळले होते. हंड्यातून पांढराशुभ्र धूर उसळत होता. पण तो धूर वर जात नव्हता! चुलीचा धूर वर जातो, उदबत्तीचा वर जातो. हा मात्र हंड्याच्या काठावरून सांडायचा, पायऱ्या उतरायचा आणि सरपटत सरपटत पहिल्या ओळीतल्या बायकांच्या पदराला येऊन भिडायचा. बायका पाय आखडून घ्यायच्या.

"ताई, ते ढग खाली काऊन उतरून राह्यले?" माझ्या मांडीवर बसलेल्या हर्षलनं विचारलं.

"गप बैस," मी म्हटलं. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, माझे हात केव्हाचे जोडलेले होते.

"भक्तहो!" हिमगिरी महाराजांचा आवाज माइकमधून दणाणला. भगवी शाल, कपाळभर भस्म, मनगटावर भलंमोठं घड्याळ. "अग्नी दोन प्रकारचा असतो. एक जाळतो, एक गोठवतो. हा आहे हिमाग्नी! कैलासाच्या उदरातून आणलेला! याला स्पर्श करण्याचा अधिकार त्रिभुवनात फक्त दोघांना. एक साक्षात शंभू, आणि दुसरा..." इथं त्यांनी अतिशय नम्रपणे डोळे मिटले. दुसरा कोण ते त्यांचा शिष्य हरिओम यानं माइक ओढून सांगितलं. "बोला, हिमगिरी महाराज की!"

"जय!"

महाराजांनी झेंडूचं फूल हंड्यात बुडवलं आणि मुठीत दाबलं. पापडासारखा चुरा झाला. मग पळीनं तोच हिमाग्नी स्वतःच्या तळहातावर ओतला. थेंब टणाटण उडून गेले, हाताला काही नाही. मागून कोणीतरी बाई रडायला लागली.

हे सगळं झालं की सुरू व्हायची रक्तपरीक्षा. तिच्यासाठीच तर लोक यायचे.

हरिओम माणसाच्या बोटाला सुई टोचून चार-पाच थेंब रक्त एका काचेच्या नळीत घ्यायचा. त्यात महाराज लोट्यातलं पाणी मिसळायचे आणि ते मिश्रण ड्रॉपरनं हंड्यात थेंब थेंब सोडायचे. हंड्यात पडताच त्याचे लाल मणी व्हायचे. ते मणी गाळणीनं उचलून मिठाच्या कोमट पाण्याच्या नळीत टाकायचे आणि नळी पोथीच्या पानापुढे धरायची. रक्त 'जिवंत' असेल तर नळी गढूळ दिसायची, मुरमाच्या पाण्यासारखी, मागचं एक अक्षर दिसायचं नाही. रक्त 'मेलेलं' असेल तर नळी सरबतासारखी लालचुटूक नितळ, आणि पोथी फाडफाड वाचता यायची.

"पोथी दिसली म्हणजे यमानं वाचली!" महाराज म्हणायचे.

आमच्या शेजारच्या रंगरावआबांचं रक्त जिवंत निघालं होतं. तेव्हापासून ते छाती काढून चालत होते.

आता आम्ही तिथं का बसलो होतो ते सांगते. हर्षल सात वर्षांचा आहे. त्याला थॅलेसेमिया आहे, म्हणजे त्याचं शरीर स्वतःचं धड रक्त बनवत नाही. दर तीन आठवड्यांनी त्याला खामगावला नेऊन दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या आणि माझ्या पेशी त्याच्याशी तंतोतंत जुळल्या. माझ्या! दहावी ब मधल्या अपेक्षाच्या! माझ्या हाडांच्या मगजातून पेशी काढायच्या, त्याची तयारी पुरी होईपर्यंत त्या गोठवून ठेवायच्या आणि मग त्याला द्यायच्या. त्या रुजल्या तर तो बरा होणार होता. पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली होती.

घोळ झाला तो 'गोठवून' या शब्दानं.

आपल्याकडे पाण्याचा बर्फ होतो तेही गोठणं, आणि कापलेल्या जागी रक्त काळं पडून खपली धरतं तेही गोठणंच. आईला गोठलेल्या रक्ताचा एकच अर्थ ठाऊक होता. तिच्या वडिलांच्या मेंदूत रक्त गोठलं होतं आणि चौथ्या दिवशी ते गेले होते. "अन् आता तेच गोठलेलं रक्त माह्या पोराच्या अंगात घालतीन?" ती आठ दिवस हेच म्हणत होती. हर्षलची काळजी वेगळीच. त्याला वाटलं होतं, पेशी गोठ्यात ठेवणार. "ताई, तुह्या पेशी आपली बिजली खाऊन घेईन नं!" बिजली म्हणजे आमची कालवड.

म्हणून आई आम्हाला महाराजांकडे घेऊन आली. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पोरीचं रक्त पाहू."

सुई टोचली. मला रक्त बघवत नाही, आधीपासूनच. म्हणून मी मान फिरवली आणि समोरच्या चौरंगाकडे बघत बसले. चौरंगावर दोन पितळी लोटे होते. एकाच्या गळ्यात लाल दोरा, एकाच्या पिवळा. महाराजांनी लाल दोऱ्याच्या लोट्यातलं पाणी घेतलं.

हंडा, मणी, कोमट पाणी, पोथी.

नळीतून मला 'अध्याय सातवा' अगदी स्वच्छ वाचता आलं.

आईनं किंकाळी फोडली. महाराज हलक्या आवाजात म्हणाले, "हे रक्त गोठवलं की मरतं. हे मेलेलं रक्त भावाला दिलं, तर सातव्या दिवशी भाऊ जाईल." मग त्यांनी माझ्याच रक्ताचे आणखी थेंब घेतले, मंत्र म्हटला, पिवळ्या दोऱ्याचा लोटा उचलला, "हे संजीवनी तीर्थ" म्हणत त्यातलं पाणी मिसळलं. या वेळी नळी गढूळ झाली. अक्षर दिसेना. "नागपूर बंद. खामगाव बंद. परकं रक्त नको. अकरा अमावास्या हे तीर्थ पाजा."

आईनं पदर पसरला.

त्यानंतरच्या दिवसांत मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात भ्याले नव्हते. मला माझीच भीती वाटायला लागली. हर्षलला पाणी देताना ग्लासाला माझं बोट लागू नये म्हणून मी ओढणीनं ग्लास धरायची. माझ्या अंगात यम आहे आणि तो भावाची वाट बघतोय असं वाटायचं. सोमवारी खामगावला जायचं होतं, आई गेली नाही.

"एक डाव जाऊन येऊ नं," पप्पा म्हणाले. ते चिखलीच्या रस्त्यावर जीप चालवतात, शेडमध्ये लोकही त्यांनीच नेऊन सोडले होते.

"हाव, मारा आपल्या हातानं पोराले, अन् मंग चालवा जीप!"

पप्पांनी जीपची किल्ली परत खुंटीला लावली. बुधवारपर्यंत हर्षलची नखं कागदासारखी पांढरी पडली. ओटा चढला तरी तो बसून धापा टाकायचा. आणि तरी हसून विचारायचा, "ताई, अकरा अमावास्या म्हणजे किती रविवार?"

गुरुवारी बिजलीला लस टोचायची होती. आई त्याच्याजवळून हलेना, म्हणून मी शाळेतून आल्यावर दप्तरासकट कालवड घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर फहीम दुसऱ्या कोणाच्या तरी गाईसाठी एका उंच ॲल्युमिनियमच्या कॅनचं झाकण उघडत होते. झाकण निघालं आणि पांढराशुभ्र धूर काठावरून सांडून खाली उतरायला लागला.

"हिमाग्नी!" मी ओरडले. बिजलीनं दोरी हिसकली.

डॉक्टर दचकले, मग पोट धरून हसले. "हिमाग्नी? बेटा, नायट्रोजन व्हय हे! हवेत असते तेच, थंड करून पातळ केलेलं. दर महिन्याले गाडी येते. कैलासावरून नाई, बुलढाण्याहून!"

मी हसले नाही. मला रडू फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. हात धुऊन ते माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले.

"धूर खाली उतरते, कारण तो धूर नाई, धुकं हाय. गार हवा जड असते. अन् हातावर ओतलं तरी भाजत नाही, कारण हाताच्या गरमीनं मधी वाफेचा थर तयार होते. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा नाचते? तसं. पण करून पाह्यजो नको हां! जरा जास्त वेळ हात राह्यला तं बोट तुटून पडन."

"पण माझं रक्त मेलं ना, डॉक्टरसाहेब!"

"कोणाचंबी मरते. माहंबी मरन. गारीगार खाल्ली हाय नं? दाताखाली कचकच करते. ते बर्फाचे खडे. गोठताना रक्ताच्या पेशीत तसेच खडे होतात, सुयांसारखे, अन् पेशी फुटते. आतला लाल रंग पाण्यात उतरते, म्हणून नळी नितळ. आता सांग, कुल्फी काऊन कचकच करत नाही?"

"घट्ट दूध असतं. आई कॉर्नफ्लॉवर पण घालते."

"शाब्बास! कॉर्नफ्लॉवर म्हणजे स्टार्च. लांबच लांब साखळीचे रेणू, एका रेणूले हजारो कड्या. त्याले पॉलिमर म्हणतात. ते पाण्याले अडकवून ठेवतात, खडे मोठे होऊ देत नाहीत. त्यातले काही असे असतात की पेशीलेबी त्रास देत नाहीत अन् शरीरालेबी नाही. तसं पॉलिमर रक्तात मिसळून झटकन गोठवलं तं पेशी जगतात."

मी दप्तरातून बाटली काढली. आईनं मलाही प्यायला तीर्थ दिलं होतं. पातळ पेजेसारखं, जरासं खारट, बोटांना किंचित चिकट लागणारं.

डॉक्टरांनी बोटावर घेऊन पाहिलं. "पाहू," एवढंच म्हणाले.

आम्ही करून पाहिलं. या वेळी मी मान फिरवली नाही. माझं रक्त साध्या सलाइनमध्ये: मेलं. माझं रक्त तीर्थात: जगलं. मग डॉक्टरांनी स्वतःचं बोट टोचलं. सलाइनमध्ये मेलं, तीर्थात जगलं. "पाह्य," ते म्हणाले, "माह्या अन् तुह्या रक्तात काही फरक दिसते काय?"

मग त्यांनी नागपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, आम्ही तेच तर करतो! पेशींना एक औषध देतो, सोबत स्टार्चच्या जातीचं एक पॉलिमर, आणि मग गोठवतो. पण ते राहू द्या. त्या मुलाला रक्त दिलं का? सोमवारची तारीख टळून तीन दिवस झाले. त्याचं हृदय किती दिवस ओढेल?"

"डॉक्टरसाहेब, रविवारी शेडमध्ये चला. तुम्हीच सांगा सगळ्यांना."

ते भिंतीवरच्या स्वतःच्या नावाच्या पाटीकडे बघत राहिले. "मी आलो तं बोलणं रक्ताचं राह्यत नाही, अपेक्षा. दुसरंच सुरू होते. मी आज तुह्या घरी येऊन सांगतो."

ते आलेही. आईनं चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही जनावराचे डॉक्टर, साहेब." बस. विषय संपला.

रविवारी मी आईला म्हटलं, मला महाराजांकडे कुमारिकेची सेवा करायची आहे. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, पण मी गेले.

कुमारिकेचं काम म्हणजे पडद्यामागून दोन्ही लोटे ताटात घेऊन स्टेजवर आणायचे. पडद्यामागे दोऱ्यांच्या गाठी बोटांनी सुटेनात. शेवटी दातांनी सोडवल्या. लाल दोरा पिवळ्याच्या जागी, पिवळा लालच्या जागी. शेवटची गाठ मारते तोच मागून आवाज आला.

"काय करून राह्यली बे पोट्टे?" हरिओम!

"दोरा... दोरा सैल झाला होता, दादा."

"सरक तिकडं. एक काम धड येत नाही." आणि त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही गाठी घट्ट करून दिल्या.

स्टेजवर आले. आई पहिल्या ओळीत होती, मांडीवर हर्षल. त्यानं डोकं वर उचललं नाही. ते पाहिलं आणि माझी भीती गेली म्हणणार होते, पण गेली नाही. भीती तशीच होती, फक्त पाय पुढं पडले. मी माइकजवळ जाऊन म्हटलं, "महाराज, आज आधी तुमच्या रक्ताचं दर्शन द्या ना. सगळ्यांना पाहायचंय, अमर रक्त कसं असतं."

"हाव हाव!" रंगरावआबा उभेच राहिले. "जन्माचं सार्थक होईन!"

"जय!" अख्खं शेड ओरडलं.

आता नाही कसं म्हणणार? महाराज गालात हसले, ऐटीत बोट पुढं केलं आणि पिवळ्या दोऱ्याचा लोटा उचलला. हंडा, मणी, कोमट पाणी. नळी पोथीपुढे धरली.

रंगरावआबा पुढं वाकले, चष्मा सरळ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'अध्याय सातवा'... महाराज, हे तं साफ वाचता येऊन राह्यलं!"

महाराजांचा चेहरा भस्माहून पांढरा पडला. ते हरिओमकडे वळून दातओठ खात पुटपुटले. पण माइक चालू होता.

"लोटे कोणी बदलले बे?"

कैलासाची भाषा एका क्षणात मेहकरच्या स्टँडवर उतरली.

"मी बदलले!" माझा आवाज फाटला, तरी मी बोलत राहिले. "लोटे नाही, दोरे बदलले. म्हणजे महाराज, रक्तात काहीच नसतं ना? पाप नाही, पुण्य नाही, यम नाही. जे आहे ते लोट्यात! आबा, तुमचं रक्त जिवंत आहे ना? द्या दोन्ही लोट्यांत."

रंगरावआबांनी बोट पुढं केलं. सुई मी टोचली, थेंबही मीच हंड्यात सोडले. त्यांचं काम सगळ्यात अवघड होतं असं मला आज वाटतं. एका नळीत त्यांचंच रक्त जगलं, दुसरीत त्यांचंच मेलं. मागे पोथी नको म्हणून मी ओढणीखाली दडवून आणलेलं माझं विज्ञानाचं पुस्तक धरलं. आबांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन आलटून पालटून पुस्तकापुढे धरल्या. "म्हणजे तवा मी पुण्यवान नव्हतो व्हय?" ते इतकं हळू म्हणाले की मलाच भरून आलं.

तेवढ्यात हरिओम पळाला आणि त्याचा धक्का लागून हंडा कलंडला. पांढरा लोट स्टेजवरून गर्दीत घुसला. "हिमाग्नी सुटला! हिमाग्नी सुटला!" किंकाळ्या, चेंगराचेंगरी. मी माइकमध्ये ओरडले, "पळू नका! पाय वर घ्या, मागं सरका! आत्ता वाफ होऊन उडून जाईल! आई, हर्षलला उचल!" मला खात्री होती का? डॉक्टरांनी दवाखान्यात पळीभर सांडून दाखवलं होतं, तेवढीच. पण खरंच, मिनिटाभरात सगळं नाहीसं झालं. खाली फरशी कोरडी. कैलासाच्या अग्नीनं साधी सतरंजीसुद्धा जाळली नव्हती.

महाराज मागच्या दारानं निघाले ते नेमके पप्पांच्या जीपमध्ये जाऊन बसले. "चाल, चाल लवकर!" पप्पांनी शांतपणे किल्ली खिशात टाकली. पुढं पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. हे महाराज आधी कुठल्याशा प्रयोगशाळेत मदतनीस होते म्हणे. ज्ञान तिथलंच, फक्त भगव्यात गुंडाळलेलं.

पण आई? आई घरी येऊन ओट्यावर बसली. हर्षलला मांडीवर घेऊन. उन्हं कलली होती. मी म्हटलं, "आई, आता तरी खामगावला चल."

"लोटा खोटा निघाला, दिसलं मले," ती म्हणाली. "पण गोठलेलं रक्त, अपू... माह्या बापाचं..."

मी तिचा हात धरून तिला गोठ्यात नेलं. बिजली चारा खात होती.

"आई, बिजली कशी झाली?"

"कशी म्हणजे? डॉक्टरसाहेबानं वळूच्या बीजाची कांडी टाकली होती गाईले."

"ती कांडी कुठं होती?"

आईनं बिजलीकडे पाहिलं. "...त्या धुराच्या कॅनमंधी."

"सहा वर्षं गोठलेली होती ती. मी डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये पाहून आले. बिजलीचा बाप हिच्या जन्माच्या चार वर्षं आधीच मेला होता, आई. त्याच्या पेशी तेवढ्या राहिल्या, जपून गोठवलेल्या. गोठलेलं मेलेलंच असतं, तर ही कुठून आली?"

बिजलीनं मान लांब केली आणि आईचा हात खरखरीत जिभेनं चाटला. आई किती वेळ तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "मंग त्याले गोठवलं काऊन म्हणतात? निजवलं म्हणा नं. निजलेलं उठते." आणि तिनं तिथूनच हाक मारली, "अहो! जीप काढा. आत्ताच जाऊ खामगावले."

हे नागपूरहून लिहिते आहे. हर्षलला माझ्या पेशी दिल्या त्याला आज एकसष्ट दिवस झाले. माझ्या पेशींची पिशवी धुराच्या डब्यातून बाहेर आली तेव्हा काचेपलीकडून हर्षल ओरडला, "ताई, पाह्य, हिमाग्नी!" आणि नर्ससुद्धा हसल्या. शंभर दिवसांपर्यंत काही सांगता येत नाही असं डॉक्टरबाई म्हणतात. रोज सकाळी रक्ताचे आकडे येतात आणि मी ते वहीत उतरवून ठेवते. भीती गेलेली नाही. पण ही भीती खरी आहे, ती कशाची आहे ते मला माहीत आहे आणि तिच्याशी काय करायचं तेही. शेडमधली भीती तशी नव्हती. ती कोणीतरी लोट्यात भरून आणलेली होती.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्याही गावात कोणी धूर घेऊन येईल, तुमच्या लेकराच्या आजारावर बोट ठेवून तुम्हाला भिववेल. भ्या खुशाल, मीही भ्याले. पण हात जोडायच्या आधी एकदा नीट बघा, विचारा, आणि जमलं तर दोरे बदलून पाहा.